फ्रीजरमध्ये काय आहे, हे फक्त आईलाच माहीत

गेल्या जूनमध्ये आईला ऑपरेशनसाठी आठ दिवस इस्पितळात राहावं लागलं. घरात बाबा, मी आणि धाकटा भाऊ. बाहेर धो-धो पाऊस, मासेमारी बंद. आम्ही तिघं चार दिवस पाव आणि ऑम्लेट खात होतो. पाचव्या दिवशी आईनं फोनवर विचारलं, "फ्रीजरमधली विसवण संपवली ना रे?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. कुठली विसवण?

फ्रीजर उघडला. बर्फात रुतलेल्या पंधरा-वीस पिशव्या, सगळ्या एकसारख्या. बांगडे म्हणून बाहेर काढलेली पिशवी निघाली खोवलेल्या खोबऱ्याची! विसवण तळाशी होती. तिच्या शेजारी सुंगटं, कडा सुकून पांढऱ्या पडलेली. ती कधीची, हे कुणालाच सांगता येईना. शेवटी टाकली. आईनं मे महिन्यात बाजारात घासाघीस करून, साफ करून ठेवलेली वस्तू होती ती.

साठवण आपल्या गोव्याला नवी नाही. पावसाळ्यापूर्वी पुरुमेताची लगबग असते. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, चिंच, सगळं घरात भरून ठेवायचं. पण बरणी फळीवर असते, तळ दिसायला लागला की घरातल्या सगळ्यांना कळतं. फ्रीजरचं दार मात्र बंद असतं. आत ठेवलं की आपण विसरायला मोकळे!

गोठवलं म्हणजे वस्तू कायमची टिकली, हाही गैरसमजच. थंडीत जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. मासळी बाहेर काढून तासन् तास ओट्यावर ठेवली की ते परत कामाला लागतात. म्हणून ती आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. बांगडा, तारली तेलकट, त्यांची चव दोन-तीन महिन्यांत उतरू लागते. विसवण त्याहून थोडी जास्त टिकते. म्हणजे आधी बांगडा संपवायचा, मग विसवण. त्यात आपलं कॅलेंडरही बघायला हवं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, आणि त्याच सुमारास श्रावण येतो. ज्या घरांत श्रावण पाळतात, तिथं तोवर न संपलेली मासळी थेट चतुर्थीनंतरच बाहेर येणार. मे महिन्यात किती भरायचं, हे तेव्हाच ठरवलेलं बरं.

उपाय साधा आहे. पिशवीवर नाव आणि तारीख. एका जेवणापुरतीच पिशवी, चपटी करून, पुस्तकासारखी उभी ठेवलेली. जुनं पुढे, नवं मागे. आणि दारावर एक यादी. जो काढेल त्यानं खोडायचं.

कुणी म्हणेल, घर आहे की गोदाम? आमची आईही हसून म्हणाली, "कशाला यादी? माझ्या डोक्यात आहे सगळं." माझी तक्रार नेमकी इथंच आहे. काय आहे, किती आहे, कधी संपवायचं, हे सगळं तिनंच लक्षात ठेवायचं आणि आपण फक्त "आज जेवायला काय?" म्हणून विचारायचं. ती आठ दिवस नव्हती तर भरल्या फ्रीजरसमोर आम्ही उपाशी! लाज वाटली, खरंच.

आता आमच्या फ्रीजच्या दारावर वहीचं एक पान चिकटवलेलं आहे. अक्षर भावाचं, शुद्धलेखन भयंकर. "बांगडे 6" खोडून "4" केलंय. दर रविवारी जुन्यात जुनी पिशवी काढून शिजवायची पाळी बाबांची आणि माझी. पहिलं हुमण खारट झालं होतं, पण संपलं.

मित्रमैत्रिणींनो, ह्या रविवारी घरचा फ्रीजर एकदा तुम्ही उघडा. आईला न विचारता आत काय आहे ते सांगता येतं का, बघा. नाही आलं, तर पेन घ्या आणि तिच्याजवळ बसून यादी करा. पुढचा स्वयंपाकही तुम्हीच करा.