फायर एम्ब्लेम : सुरुवात कुठून?

ओळखीतल्या कुणी स्विच घेतला की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. "फायर एम्ब्लेम खेळायचाय रे, पण सतरा गेम आहेत. कुठून सुरू करू?" ग्रुपवर मग सगळे एका सुरात सांगतात : थ्री हाउसेस. मला हे उत्तर पटत नाही. का ते आज सांगतो.

आधी क्रमाची भीती काढून टाका. पहिला गेम १९९० साली फॅमिकॉमवर आला, म्हणून तिथून सुरू करायला हवं असं काही नाही. फास्टर फेणे तरी आपण कुठे क्रमाने वाचला? वाचनालयात जे पुस्तक हाती लागलं ते. इथेही काही जोड्या सोडल्या (उदा. २००५ चा पाथ ऑफ रेडियन्स आणि २००७ चा रेडियंट डॉन) तर खंड वेगळे, राजे वेगळे. आणि पहिले सहा गेम त्या काळी जपानबाहेर आलेच नव्हते. इंग्रजीत आधी आला तो २००३ चा सातवा! म्हणजे बाहेरच्या जगाने ही मालिका मधूनच सुरू केली.

मग नवख्याने काय बघायचं? माझ्या मते एकच गोष्ट. हा खेळ तसा बुद्धिबळासारखा. चौकटी, आपली चाल, मग त्यांची चाल. पण इथल्या प्याद्याला नाव असतं, बाप असतो, आणि ते मेलं की कायमचं मेलं. पुढच्या लढाईत ते नसतं. आमच्या धंद्यात रोलबॅकची इतकी सवय असते की हे आधी पचतच नाही. पण मालिकेचा जीव तिथेच आहे, आणि तो अनुभव पहिल्याच गेममध्ये मिळायला हवा.

कॅज्युअल मोडमध्ये मेलेले लढाई संपल्यावर परत येतात. ही सोय २०१० पासूनची. तिला मी नावं ठेवणार नाही. २०१२ चा अवेकनिंग अडीच लाख प्रतींच्या खाली गेला असता तर मालिकाच बंद होणार होती, तेव्हा नवे लोक येणं गरजेचं होतंच. पण थ्री हाउसेसमध्ये (२०१९) कॅज्युअल आहे, वर वेळ मागे फिरवायची सोय आहे, आणि लढायांच्या मधे मठातलं चहापाणी, मासेमारी, शिकवण्या. एक वाट संपवायला चाळीस-पन्नास तास सहज जातात. गेम झकास आहे, पण मूळ खेळ काय ते नवख्याला कळेपर्यंत दिवाळी येते. एंगेज (२०२३) तर जुन्या नायकांना अंगठीतून बोलावतो. ज्यांना तुम्ही ओळखतच नाही त्यांना भेटून काय करणार?

माझं उत्तर : द सेक्रेड स्टोन्स. गेम बॉय अॅडव्हान्सवरचा, जपानात २००४, बाहेर २००५. कथा स्वतंत्र, एरिका आणि एफ्राईम या जुळ्या भावंडांची. आकार आटोपशीर. लढाई मधेच थांबवून ठेवता येते, त्यामुळे डोंबिवली ते ठाणे एवढ्या वेळात चार चाली होतात (हात हलवायला जागा मिळाली तर!). २०२५ पासून तो निन्टेन्डो स्विच ऑनलाइनच्या एक्सपान्शन पॅकमध्येही आहे. तिथल्या रिवाइंडला मात्र हात लावू नका.

जुने खेळाडू म्हणतात, हा फार सोपा. खरंय, आणि म्हणूनच तो सुरुवातीला हवा. थ्रेसिया ७७६ (१९९९) सारख्या कठीण गेममध्ये माणूस गेला की पुढचं सगळं अडेल या धास्तीने लोक रिसेट मारतात, आणि मग मरणाला अर्थच उरत नाही. सेक्रेड स्टोन्समध्ये चार-पाच जण गमावूनही शेवट गाठता येतो. कमी पडलं तर वाल्नीच्या मनोऱ्यात जाऊन उरलेल्यांना तयार करता येतं.

दुसऱ्या प्रकरणात गार्सिया आणि त्याचा लहान मुलगा रॉस सामील होतात. माझ्या खेळात रॉस लवकरच गेला. शत्रूचा वार लागायची शक्यता तीस टक्के दाखवत होती. गंमत म्हणजे या काळातले गेम दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी काढतात, त्यामुळे दाखवलेले तीस प्रत्यक्षात अठराच्या आसपास असतात आणि नव्वद म्हणजे जवळजवळ अठ्ठ्याण्णव. तरी तो अठरातला वार लागला. रिसेट मारला नाही. गार्सिया शेवटपर्यंत एकटा लढला, आणि त्या सैन्यातला मला आजही आठवणारा माणूस तोच.

एरिका किंवा एफ्राईम मेले तर गेमच संपतो, तेव्हा अर्थातच पुन्हा खेळा. बाकीच्यांना जाऊ द्या. आठव्या प्रकरणानंतर दोघांपैकी एकाची वाट निवडायची असते. पहिल्या खेपेला एरिकाची घ्या, ती जरा सोपी आहे. ते संपलं की खुशाल थ्री हाउसेस लावा, पण क्लासिक मोडवर.