ताटातल्या बारा वस्तू

ताटात किल्ली, चमचा, लिंबू, बटण अशा बारा वस्तू मांडायच्या, मिनिटभर पाहू द्यायच्या, वर रुमाल टाकायचा आणि आठवतील तेवढ्या सांगायला लावायच्या. शिबिरांत, वाढदिवसांना बहुतेकांनी हा खेळ खेळलेला असतो. हल्ली तो मोबाइलवरही मिळतो आणि त्यातले गुण घेऊन नातेवाईक ओपीडीत येतात. ‘डॉक्टर, आईला बारातल्या चारच आठवल्या. डिमेन्शिया तर नाही ना?’

केवळ एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. मुळात हा खेळ निव्वळ नजरेच्या स्मरणाचा नाही. मिनिटभरात आपण मनातल्या मनात ‘किल्ली, चमचा, लिंबू’ असं घोकतो. म्हणजे चित्राचे शब्द होतात. घोकायला वेळच दिला नाही तर काय होतं? १९९७ मध्ये लक आणि व्होगेल या अमेरिकी संशोधकांनी रंगीत चौकोन क्षणभर दाखवून ते तपासलं. धडधाकट तरुणांनाही एका वेळी साधारण चारच धरून ठेवता आले. घरी करून पाहायचं तर ताट दोनच सेकंद दाखवा, झाका, एक वस्तू बदला आणि काय बदललं ते विचारा. नातवंडंही गडबडतील!

वयस्कर माणसाचे गुण कमी येण्याची कारणं कितीतरी असतात. मोतीबिंदू, जुना चष्मा, अपुरी झोप, नैराश्य, बी-१२ची कमतरता, थायरॉइड, झोपेच्या गोळ्या. यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत. आणि चारचौघांसमोर परीक्षा घेतली की कुणीही बावरतं. आजीची अशी करमणूक करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटही घडतं. ताटातल्या दहा वस्तू घडाघडा सांगणारा माणूस रोजच्या बाजारातून घरी यायचा रस्ता चुकतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, गॅस चालू राहणं, पैशांचा हिशेब न जमणं, गोळ्या दोनदा घेणं, हे काही महिन्यांत वाढत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. हा गोंधळ एक-दोन दिवसांतच उद्भवला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येताना मोबाइलमधले गुण नकोत. चष्मा, चालू गोळ्यांची पाकिटं आणि काय, कधीपासून बदललं याची चार ओळींची नोंद आणा. सोबत रोज घरात असणारी व्यक्ती असू द्या.