घर समजल्यावाचून उपचार अपुरा

एखादे मूल विधिसंघर्षग्रस्त ठरले, की शासन त्याच्या घराची चौकशी करते. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये मंडळापुढील पहिल्या हजेरीपासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल सादर व्हावा लागतो. तेच मूल झोप उडाली, शाळा सुटली म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आले, तर त्याच्या घराविषयी काही विचारले जाईल की नाही, हे बहुधा डॉक्टरांच्या सवडीवर राहते. प्रशासनात हयात घालवलेल्या मला ही विसंगती अक्षम्य वाटते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्येच्या कारणांत ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्क्यांसह सर्वांत वर आहेत. घराची नोंद मृत्यूनंतरच्या तक्त्यात होते. ती उपचाराच्या कागदावर आधी का होऊ नये?

भारतीय मानसोपचाराला कुटुंब अपरिचित नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णांसोबत राहू दिले. वेल्लोर आणि बंगळुरू येथील संस्थांनी ही परंपरा पुढे नेली. जिल्ह्यांपर्यंत मात्र ती पुरेशी झिरपली नाही.

कौटुंबिक मूल्यमापनाची साधने आहेत. कॅनडात उगम पावलेल्या मॅकमास्टर प्रारूपावरील प्रश्नावलीत संवाद, जबाबदाऱ्यांची वाटणी, अडचणींची सोडवणूक, परस्परांविषयीची आस्था यांची विचारपूस ६० विधानांतून होते. पण आपल्याकडे निर्णय आजोबा घेतात, वडील परराज्यात कामाला असतात आणि मुलाचे मन आजीपाशी मोकळे होते. तेव्हा निव्वळ भाषांतराने भागणार नाही.

येथे दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली इतिहासाने शिकवलेली. गेल्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य जगात स्वमग्नतेचे खापर आईच्या ‘थंडपणा’वर फोडले गेले; पुढे तो सिद्धान्त टाकून द्यावा लागला, तोवर असंख्य माता अपराधभावाने पोळल्या होत्या. घराचे आकलन म्हणजे घरावरील आरोपपत्र नव्हे.

दुसरी सावधगिरी कायद्याशी निगडित आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अल्पवयीनाचा कायदेशीर पालक हाच त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी मानतो. पालक मुलाच्या हिताविरुद्ध वागत असल्यास मंडळ दुसरी व्यक्ती नेमू शकते. परंतु पालकांच्या अनुपस्थितीत मुलाला कोणी बोलतेच केले नाही, तर मंडळाला ते कळणार कसे?

म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात १८ वर्षांखालील प्रत्येक रुग्णासाठी मानसोपचार समाजसेवकाने कुटुंबाशी एकत्रित आणि मुलाशी स्वतंत्र संवाद साधणे बंधनकारक करावे. कायद्याने कळवणे भाग असलेल्या बाबी वगळता ती नोंद गोपनीय राहावी. त्यासाठी या समाजसेवकांची पदे प्रथम भरली पाहिजेत. ती रिक्त ठेवून नुसता नमुना छापला, तर मुलाच्या हाती गोळ्यांची पुडी उरेल, आणि परतायचे घर जसेच्या तसेच असेल.