काटकसर, करकसर आणि हिशेब



माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठीत लिहायला बसलो की अजूनही एखादा शब्द अडतो. कॉलेजात आम्हाला 'मितव्ययिता' शिकवली. निबंधात लिहून गुण मिळवावेत एवढाच त्या शब्दाचा उपयोग होता. घरी आई 'काटकसर' म्हणायची आणि तिच्या हातात तेव्हा हमखास काहीतरी असायचे: उसवलेली चादर नाहीतर उलटून ठेवलेली तेलाची बरणी. बारडोलीत नोकरीला आलो तेव्हा शेजारच्या बांच्या तोंडून 'करकसर' ऐकले आणि आपण परक्या गावात नाही असे वाटले.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा तापीकाठच्या याच रेल्वेने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून इकडे आले. ते लोक येताना काटकसर सोबत घेऊन आले. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरायचे, एरंडेल चोळून ठेवायचे, पापड-कुरडया घालायच्या हे त्यांना इथे कोणी शिकवावे लागले नाही, कारण गुजराती शेजारीण तेच करत होती. १९७२ च्या दुष्काळात माझ्या आजोळी रेशनवर आलेली तांबडी मिलो खाल्ली गेली. मी तेव्हा अगदी लहान होतो, पण त्या भाकरीची चव आई पुढे कितीतरी वर्षे सांगत असे, तेही हसत हसत.

आज महागाईचा विषय निघाला की आम्ही मोठी माणसे मुलांना लगेच अशा गोष्टी सांगतो. त्यात थोडी लबाडी असते. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटोने शंभरी ओलांडली. दोन्ही वेळा घरोघरी 'जरा जपून खर्च करा' हे वाक्य ऐकू आले. पण जपून म्हणजे कोणी? कात्री आधी आईच्या ताटाला लागते, हे मुलांनो, तुम्ही घरी बघून ठेवा. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात भाजी किती उरते ते एकदा पाहा. दूध, डाळ, भाजी यांत केलेल्या कपातीला मी काटकसर म्हणत नाही. ती उपासमारीची पहिली पायरी आहे. कापायचेच असेल तर वाढदिवसाचा केक, दर वर्षी नवे दप्तर, मोबाईलचा हप्ता यांतून कापावे. (शिक्षकांनाही हे लागू आहे. मी स्वतः गेल्या वर्षी गरज नसताना नवा फोन घेतला.)

आता एक कबुली. मागच्या जूनमध्ये एक माता माझ्या कार्यालयात आल्या. घरी साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचे काम करतात, दोन मुले आपल्याकडे शिकतात. पिशवीतून त्यांनी मागच्या वर्षीचे दोन सदरे काढले. आम्ही त्या वर्षी गणवेशाच्या बाहीवरची पट्टी बदलली होती. त्या म्हणाल्या, "सर, सदरे चांगले आहेत. नवी पट्टी मी घरी शिवून लावली तर चालेल का?" मी म्हणालो, "नियम सर्वांना सारखा आहे." त्यांनी सदरे नीट घडी घालून पिशवीत ठेवले आणि निघून गेल्या. आठ दिवसांनी मुले नवे सदरे घालून आली. त्याच आठवड्यात मी प्रार्थनेनंतर काटकसरीवर दहा मिनिटे बोललो होतो. तिसऱ्या रांगेत तो मुलगा उभा होता.

ती पट्टी का बदलली, असे मला कोणी विचारले असते तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आपण ज्या गावात राहतो त्या गावाला तरी हे शोभत नाही. १९२७ साली सरकारने बारडोली तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला, तेव्हा इथल्या शेतकऱ्यांना पोट आवळून सारा भरता आला असता. काटकसर त्यांच्या अंगातच होती. पण त्यांनी विचारले की ही वाढ कुठल्या हिशेबाने काढली? जप्तीवाल्यांच्या हाती जनावरे लागू नयेत म्हणून लोकांनी म्हशींसह स्वतःला घरात कोंडून घेतले, जमिनी जप्त झाल्या, तरी वल्लभभाईंच्या शब्दावर माणसे हलली नाहीत. अखेर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि वाढ सहा टक्क्यांच्या थोडी वर, ६.०३ टक्के, एवढीच योग्य ठरवली. स्वराज आश्रमात सहलीला गेलात की हा आकडा वहीत लिहून आणा.

पुढेही असेच घडले. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी खाणावळीचे बिल वाढले म्हणून आवाज उठवला आणि त्यातून नवनिर्माण आंदोलन उभे राहिले. तिकडे मुंबईत त्याच सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. घरात तेल मोजून वापरणाऱ्या याच बायका होत्या. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर शांतपणे वेगळाच मार्ग काढला. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र द्यायची, माल एकदम यायचा आणि वाटप आपणच करायचे. बिंदुमाधव जोशी यांच्याबरोबर या कामात गायक सुधीर फडकेही होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

आपल्या शाळेला हा मार्ग जमण्यासारखा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी शून्य झाला, पण सुट्या वहीच्या किमतीत तो फरक कितीसा कळतो? इयत्तावार पालकांनी यादी दिली तर सुरतच्या घाऊक बाजारातून वह्या एकदम आणता येतील. नफा शाळेने घ्यायचा नाही, बिल सूचनाफलकावर लावायचे.

विश्वस्त मंडळापुढे मी लेखी विनंती ठेवली आहे की गणवेशात पाच वर्षे कोणताही बदल करू नये, आणि घरी शिवलेला, दुरुस्त केलेला गणवेश ग्राह्य धरावा. स्नेहसंमेलनासाठी भाड्याचे पोशाख बंद करावेत. यावर काही शिक्षक नाराज आहेत, कारण रंगीत पोशाखाशिवाय नाच खुलत नाही असे त्यांना वाटते. त्यांचे म्हणणे मंडळाने अवश्य ऐकावे. माझी आणखी एक मागणी आहे: फीव्यतिरिक्त शाळेमुळे एका मुलामागे वर्षभरात पालकांचा किती खर्च होतो, तो आकडा आपण दर वर्षी याच अंकात छापू. पहिल्या वर्षी तो वाचून आपल्याला लाज वाटेल अशी माझी अटकळ आहे. तरी छापावा.

गेल्या जूनमधल्या त्या मातेकडे मी दिवाळीच्या सुट्टीत जाऊन आलो. माफी मागितली. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "जुने सदरे धाकट्याला येतील, पट्टी लावू का आता?" मी हो म्हटले.

पुस्तकपेढी परीक्षेनंतरच्या पहिल्या शनिवारी चित्रकलेच्या वर्गात उघडेल. नववी-दहावीची पुस्तके फाटलेली असली तरी आणा, चिकटवायला खळ आम्ही शिजवू. जुन्या वह्यांतली कोरी आणि पाठकोरी पानेही आणा, त्यांच्या कच्च्या वह्या शिवायच्या आहेत. पाने आणताना पिना मात्र काढून आणाव्यात.