दोन फायली

गेल्या श्रावणात ७२ वर्षांचे एक गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. आपण त्यांना नाना म्हणू. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मधुमेह आणि रक्तदाबाचे माझे जुने रुग्ण. पत्नीच्या निधनानंतर ते एकटेच राहत होते. मुलीने त्यांना कायमचे न्यू जर्सीला बोलावले होते आणि व्हिसाही मिळाला होता. त्यांच्या हातात एक जाडजूड निळी फाईल होती. मला वाटले, तपासण्यांचे अहवाल असतील. पण फाईल होती मोतीची, म्हणजे त्यांच्या ६ वर्षांच्या लॅब्राडॉरची. नानांच्या स्वतःच्या औषधाची चिठ्ठी मात्र शर्टाच्या खिशात होती. घडीवर फाटलेली आणि दीड वर्षापूर्वीची. त्या आठवड्यात त्यांचे एचबीए१सी ९.४ आले.

"डॉक्टर, माझ्या साखरेचे पुढे पाहू," नाना म्हणाले. "मोतीचे कागद अडले आहेत. केनेल क्लबची नोंदणी माझ्या नावावर झाली नाही, तर त्याला तिकडे घेणार नाहीत असे कळले आहे. तो नसेल तर मीही जाणार नाही."

मोतीच्या जन्माची नोंद चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे होती. मालक म्हणून मात्र अजूनही पैदासकाराचेच नाव होते. त्याची सही मिळवण्यात नानांचे ३ महिने गेले होते आणि व्हिसाची मुदत होती ६ महिन्यांची. मी माणसांचा डॉक्टर. म्हणून त्यांना माझ्या एका पशुवैद्य मित्राकडे घेऊन गेलो. त्याने फाईल चाळली आणि विचारले, "रेबीजच्या प्रतिपिंडांची तपासणी कुठे आहे?" ती झालेलीच नव्हती.

परदेशी निघालेल्या अनेक कुटुंबांची गल्लत इथेच होते. केनेल क्लबची नोंदणी म्हणजे वंशावळ: कुत्र्याचे आईवडील कोण, आजोबा कोण, जात कोणती. देशात प्रवेश देण्याशी तिचा संबंध नाही. अमेरिकन केनेल क्लब ही १८८४ साली स्थापन झालेली संस्था सरकारी नव्हे. परदेशात जन्मलेल्या कुत्र्याची नोंद करताना ती मूळ देशातील मान्यताप्राप्त क्लबचा ३ पिढ्यांचा प्रमाणित दाखला मागते आणि त्यावर मालकाचे नाव बरोबर असावे लागते. जातिवंत पिल्लांची पैदास करायची असेल किंवा प्रदर्शनात उतरायचे असेल, तर हा कागद मोलाचा. आणि तो भारतात असतानाच पूर्ण करून घेणे सोयीचे. पण मोतीचे निर्बीजीकरण झालेले होते. कागद नसलेल्या, पण जातीने शुद्ध आणि निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्यांसाठी हाच क्लब एक पर्यायी यादी ठेवतो. तिच्या आधारे आज्ञापालनाच्या स्पर्धांत भाग घेता येतो. शिवाय वंशावळ ही प्रकृतीची हमी नव्हे. लॅब्राडॉरच्या खुब्याचा आनुवंशिक दोष क्ष-किरणात दिसतो, दाखल्यात नाही.

प्रवेशाचा प्रश्न आहे तो रेबीजचा. कुत्र्यांमध्ये पसरणारा रेबीजचा प्रकार आपल्या देशातून हटल्याचे अमेरिकेने २००७ साली जाहीर केले. भारतात तो आजही आहे. श्वानदंशाचे रुग्ण पाहणाऱ्या माझ्यासारख्याला त्यांची सावधगिरी समजते. १ ऑगस्ट २०२४ पासून तिथले नियम अधिक कडक झाले आहेत. भारतात लस घेतलेला कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा. त्याच्या कातडीखाली आंतरराष्ट्रीय मानकाची मायक्रोचिप हवी आणि रेबीजची लस चिप बसवल्यानंतरचीच हवी. आधीची धरली जात नाही. त्या पहिल्या ग्राह्य लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो आणि नमुना घेतल्यापासून प्रवेशापर्यंत किमान २८ दिवस जावे लागतात. हा अहवाल नसेल, तर तिथे उतरल्यावर २८ दिवसांचे विलगीकरण, तेही आपल्या खर्चाने. लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर सरकारी पशुवैद्यकाचे शिक्कामोर्तब लागते आणि ठरावीक विमानतळांवरील केंद्रात आगाऊ जागा राखावी लागते. नियम बदलत असतात. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाची अधिकृत सूचना मुलांकडून वाचून घ्यावी.

मोतीची चिप त्याच वर्षी बसवली होती, लस त्याआधीची होती. म्हणजे सारे पहिल्यापासून. नानांनी बोटांवर दिवस मोजले आणि गप्प झाले. हाताशी ३ महिने होते. त्यांतले जवळजवळ २ नुसते थांबण्यात जाणार होते. त्याच दुपारी मोतीला लस दिली.

"आता हे थांबण्याचे दिवस तुमच्या फाईलसाठी," मी त्यांना म्हणालो.

हे मी तुम्हालाही सांगतो आहे, कारण अशी माणसे मला वारंवार भेटतात. पत्नीच्या पथ्यात, नातवाच्या परीक्षेत किंवा कुत्र्याच्या कागदांत ती स्वतःला विसरतात. नाना व्हिल्डाग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड घेत होते. ही दोन्ही औषधे अमेरिकेतील दुकानांत मिळत नाहीत. रक्त पातळ ठेवण्यासाठी आपल्याकडे अनेकांना दिले जाणारे ॲसिट्रोमही तिथे नाही. पॅरासिटामॉलला तिकडे ॲसिटामिनोफेन म्हणतात. म्हणून निघण्यापूर्वी २ महिने डॉक्टरांना भेटून तिथे मिळतील अशी औषधे सुरू करावीत आणि ती मानवतात का ते इथेच पाहावे. औषधांची यादी घटकाच्या नावाने, मात्रेसह लिहून घ्यावी. कंपनीचे नाव तिकडे कोणी ओळखणार नाही. आजारांचा एकपानी सारांश, जुना ईसीजी आणि लसीकरणाची नोंद जवळ असावी. आणखी एक गोष्ट मुलांनी आधीच पाहावी. नव्याने स्थायिक झालेल्या ज्येष्ठांना तिथे सलग ५ वर्षे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकत घेता येत नाही. तोवर खासगी विमा लागतो.

मोतीला मागे ठेवा, असे मी नानांना एकदाही म्हणालो नाही. पत्नी गेल्यानंतर सकाळ-संध्याकाळ त्यांना घराबाहेर काढले ते त्या कुत्र्यानेच. दोन सूचना मात्र केल्या. विमानात झोपावे म्हणून कुत्र्याला गुंगीचे औषध देऊ नये. उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर प्रवासच जोखमीचा. दुसरी सूचना नानांसाठी. तिकडच्या हिवाळ्यात पदपथावर बर्फ असतो आणि ३० किलोंच्या कुत्र्याने एक हिसका दिला, तर आपल्या वयाच्या माणसाचा खुबा मोडू शकतो. साखळी मनगटाला गुंडाळू नये, आणि निसरड्या दिवशी मोतीला मुलीने किंवा जावयाने फिरवावे.

दिवाळीचा फराळ संपता संपता, व्हिसाची मुदत ९ दिवसांवर आली असताना नाना निघाले. निळ्या फाईलबरोबर एक पिवळी फाईलही होती. तिच्यावर त्यांनी ठळक अक्षरांत स्वतःचे नाव घातले होते.

मार्गशीर्षात त्यांचा फोन आला. मोतीची तिथली पहिली नोंदणी झाली ती गावच्या नगरपालिकेत. रेबीजचे प्रमाणपत्र दाखवून परवाना घेतला आणि गळ्यात बिल्ला आला. न्यू जर्सीत सक्तीची आहे ती हीच नोंद. "आणि वंशावळीचा अर्ज?" मी विचारले. पैदासकाराची सही अखेर आली होती. अर्ज टेबलावर पडून होता. "करीन सावकाश," नाना म्हणाले, "त्याचे आजोबा कोण होते हे मलाही जाणून घ्यायचे आहे." मग आपणहून सांगितले, "डॉक्टर, साखर ७.३."

आज हा अंक मिटल्यावर कपाट उघडून पाहा. घरातल्या सर्वांच्या फायली तिथे असतील. तुमची आहे का?