विश्लेषण : ट्रेकमध्ये अपघात झाला, तर पहिले काही तास कोणाच्या भरवशावर?

पाऊस सुरू झाला की शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून बसगाड्या भरून कळसूबाई, हरिहर, राजमाची, अंधारबनकडे निघतात. समाजमाध्यमावरची जाहिरात, ऑनलाइन भरलेले पैसे आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेला ‘लीडर’चा क्रमांक, एवढ्या ओळखीवर अनोळखी माणसे एकत्र डोंगर चढतात. लीडरला वाट ठाऊक असते. पण कोणी कातळावरून घसरले, कोणाला साप चावला किंवा कोणी उन्हाने कोसळले तर काय करायचे, हे त्याला ठाऊक आहे का? पैसे भरताना हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. खरे तर तो सर्वात आधी विचारायला हवा.

डोंगरातला प्रथमोपचार वेगळा का?

शहरात 108 क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीला सांभाळायचे असते. डोंगरात रुग्णवाहिका पायथ्याच्या गावापर्यंतच येते. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून निरोप द्यायला कोणाला तरी खाली उतरावे लागते. मग बचाव पथक जमते, वर चढते आणि जखमीला स्ट्रेचरवर बांधून उतरवते. स्ट्रेचर उचलायला एका वेळी सहा-आठ जण लागतात आणि ते दमले की खांदेपालट करायला तेवढेच आणखी. यात अर्धा दिवस सहज जातो.

म्हणूनच ‘वाइल्डरनेस मेडिसिन’ ही वैद्यकाची वेगळी शाखा मानली जाते. रुग्णालय तासाभराहून अधिक दूर असेल तर नुसती मलमपट्टी पुरत नाही, हा तिचा पाया. जागा सुरक्षित आहे का, वरून दगड येत नाहीत ना, हे आधी पाहायचे. मग मोठा रक्तस्राव, श्वासमार्ग आणि श्वास. त्यानंतर डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, मणक्याला इजा असल्याची शंका. नाडी, श्वास आणि शुद्ध यांची ठरावीक वेळाने वहीत नोंद. अंगाखाली कोरडा थर. आणि शेवटी निर्णय : जखमीला चालवत न्यायचे, की स्ट्रेचरची वाट पाहायची?

हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

साप चावल्यावर चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून दोरी आवळणे हे प्रकार अजूनही होतात. त्यांनी अपाय होतो. माणसाला शांत ठेवणे, चावा झालेला हात किंवा पाय हलू न देणे आणि लस असलेल्या रुग्णालयात लवकर पोहोचवणे, एवढेच करायचे असते.

उन्हाने कोसळलेला माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो नुसता थकवा नाही, उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घेऊन, अंगावर पाणी ओतून वारा घालायला तत्काळ सुरुवात करायची. आधी गार करणे, मग हलवणे. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचे नाही.

पावसाळ्यात घाटमाथ्यावर भिजलेल्या आणि वाऱ्यात अडकलेल्या माणसाच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीला उतरू शकते. ओले कपडे काढून कोरडे घालणे आणि वाऱ्यापासून आडोसा देणे हा त्यावरचा पहिला उपाय. यातल्या कशालाही महागडी साधने लागत नाहीत. लागतो तो सराव.

हे शिकायचे कुठे?

अमेरिकेतील वायोमिंगमध्ये पॉल पेट्झोल्ट यांनी 1965 मध्ये ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ सुरू केले. डोंगराची आवड असणे वेगळे आणि दुसऱ्यांना डोंगरात नेणे वेगळे, हा त्यामागचा विचार. तिथे सर्वसाधारण भटक्यांसाठी दोन दिवसांचा, तर गट नेणाऱ्यांसाठी सुमारे 80 तासांचा प्रथमोपचार अभ्यासक्रम असतो. त्याची मुदतही संपते. काही वर्षांनी उजळणी करावी लागते.

भारतात दार्जिलिंगची संस्था 1954 पासून, तर उत्तरकाशीची 1965 पासून गिर्यारोहण शिकवते. मात्र दोर, बर्फ आणि चढाईचे कौशल्य म्हणजे डोंगरातील वैद्यक नव्हे. मसुरीच्या हनिफल केंद्रात त्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम होतात. पुण्यातही गिर्यारोहणाचे औपचारिक शिक्षण देणारी संस्था आहे. तरी शनिवार-रविवारचे ट्रेक नेणाऱ्या किती तरुणांपर्यंत हे शिक्षण पोहोचते, हा प्रश्न उरतोच.

लीडरची खरी परीक्षा कोणती?

मागे फिरण्याची. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक ट्रेकर दगावले. जून 2024 मध्ये उत्तराखंडमधील सहस्रतालच्या वाटेवर हवामान बिघडले आणि 22 जणांच्या गटातील नऊ जणांचा मृत्यू झाला. अशा वेळी औषधांच्या पेटीपेक्षा आधी घेतलेला निर्णय मोलाचा ठरतो : निघायचे का, थांबायचे कुठे, परतायचे कधी.

प्रशिक्षण म्हणजे हमी नव्हे, हेही खरे. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘द्रौपदी का दांडा’ शिखरावर हिमस्खलनात उत्तरकाशीच्या संस्थेचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षकही गेले. पण प्रशिक्षण नसेल तर टाळता येण्याजोगा धोकाही टळत नाही. शिवाय पैसे भरलेल्या 40 जणांना ‘आज माथा नाही’ असे सांगणे विशीतल्या लीडरला सोपे नसते. आयोजकाने ‘परत फिरलास तरी आम्ही तुझ्या पाठीशी’ असे आधीच सांगितलेले असेल, तरच तो ते सांगू शकतो.

नियम आणि बचाव पथके आहेत ना?

आहेत. राज्याने 2018 मध्ये साहसी उपक्रमांबाबत शासन निर्णय काढला आणि 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. पण नोंदणी कागदाची होते. शनिवारी प्रत्यक्ष कोण गट घेऊन जातो, ते कागदावरून कळत नाही.

लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स यांसारखी पथके रात्री-अपरात्री दरीत उतरतात. ही माणसे स्वयंसेवक आहेत. घरदार, कामधंदा सोडून येतात. म्हणजे ट्रेकचा नफा एकाकडे आणि चुकीचे ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर. ही वाटणी न्याय्य नाही. सशुल्क ट्रेकच्या प्रत्येक गटात प्रथमोपचाराचे वैध प्रमाणपत्र असलेला किमान एक जण असलाच पाहिजे आणि त्याचे नाव जाहिरातीतच असले पाहिजे.

मग स्थानिक वाटाड्यांचे काय?

सक्ती केली तर गावातल्या पोरांचा रोजगार जाईल आणि शहरी कंपन्यांचे फावेल, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर सक्ती टाळण्यात नाही, सुरुवात गावातून करण्यात आहे. अपघातस्थळी सर्वात आधी पोहोचतो तो पायथ्याच्या गावचा माणूसच. तमिळनाडूने कुरंगणीनंतर ट्रेकिंगचे नियम केले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये 40 वाटा खुल्या करताना जंगलालगतच्या गावांतील तरुणांना वाटाडे म्हणून तयार केले. गडकिल्ल्यांच्या महाराष्ट्राला हे अवघड नाही. प्रशिक्षणाचा खर्च शासनाने आणि आयोजकांनी मिळून उचलावा.

ट्रेकला जाणाऱ्याने काय विचारावे?

चारच प्रश्न. गटात प्रथमोपचार शिकलेले कोण आहे आणि प्रमाणपत्र कधीचे? एका लीडरमागे किती जण? हवामान बिघडले तर मागे फिरण्याची वेळ ठरली आहे का? रेंज नसेल तर निरोप कोण, कुठून देणार? यांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर पुढच्या शनिवारी दुसऱ्या कोणाबरोबर जावे. डोंगर तोवर तिथेच असणार आहे.