मोटारसायकलस्वाराची विजेची बंडी

थंडीच्या दिवसांत पहांटे मोटारसायकलवरून जाणाऱ्या शेतकऱ्यानें विजेनें तापणारी बंडी अंगांत घालावी, व ती बाजारांतून न आणतां गांवच्या शिंप्याकडून आणि वायरमनकडून करवून घ्यावी, असें आम्हीं म्हटलें तर पुष्कळांस ती चैन वाटेल. ‘तुमच्या आजोबांस एक घोंगडी पुरत होती, तुम्हांस काय झालें?’ हा प्रश्न आम्हांस पारावर विचारून झालाच आहे. त्याचें उत्तर इतकेंच कीं, आजोबा बैलगाडींतून जात होते. बैल तासास चार किलोमीटर चालतो, मोटारसायकल पन्नास धांवते. गाडींत बसलेल्या माणसास घोंगडीसारखें पांघरूण नाहीं. पण मोटारसायकलवर तिचे पदर फडफडूं लागले म्हणजे ते साखळींत केव्हां जातील याचा नेम नसतो.

निफाड तालुक्यांत व गोदाकांठच्या इतर गांवांत कडाक्याच्या दिवसांत पहांटेचा पारा पांचसहा अंशांपर्यंत उतरतो, हें द्राक्षबागाइतदारांस आम्हीं सांगावयास नको. मण्यांस तडे जाऊं नयेत म्हणून बागेंत शेकोट्या पेटवून ते रात्र जागवितात, आणि उजाडण्यापूर्वीं साधा सदरा व मफलर एवढ्यावर मोटारसायकल काढून निघतात. दुधाचे कॅन लटकावून जाणारा, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधून नाशिकची वाट धरणारा, पंपाच्या विजेची पाळी रात्रीं आली म्हणून दोन वाजतां मळ्यांत निघालेला, या सर्वांची गत एकच. अमेरिका व कॅनडा येथील हवामानखात्यांनीं २००१ सालीं स्वीकारलेल्या सूत्रानें हिशेब केला तर हवा ८ अंशांवर असतां ताशीं ५० किलोमीटरच्या वाऱ्यांत उघड्या कातडीस ती सुमारें ३ अंशांइतकी लागते. हवा ५ अंशांवर असेल तर शून्याच्याहि खालीं. आणि हा वारा मोटारसायकलस्वार स्वतःच निर्माण करीत असतो.

येथें प्रश्न केवळ सुखाचा नाहीं. छाती व पोट थंड पडूं लागलें कीं शरीर तेथील ऊब राखण्यासाठीं हातापायांकडील रक्त आंत ओढून घेतें. त्यामुळें बोटें बधिर होतात, आणि बधिर बोटें ब्रेकच्या दांडीवर वेळेवर वळत नाहींत. रस्त्यांत कुत्रें आडवें आलें, किंवा उसाची ट्रॉली दिव्याशिवाय उभी असली, तर त्या अर्ध्या क्षणाची किंमत काय होते, हें प्रत्येक गांवानें एकदां तरी पाहिलेलें आहे. यावरून हेंहि ध्यानांत येईल कीं हात गरम ठेवावयाचे असतील तर केवळ हातमोजे जाड करून भागत नाहीं. ऊब धडास दिली पाहिजे.

तथापि विजेच्या नादीं लागण्यापूर्वीं वारा अडवावा. पावसाळी कोट, तो नसेल तर कोटाच्या आंत छातीवर वर्तमानपत्राची जाड घडी, मुठींवर दूधवाले लावतात तशीं रेक्झिनचीं आवरणें, कानटोपी आणि तिच्यावर शिरस्त्राण, एवढें आधीं झालें पाहिजे. वारा न अडवितां वीज खर्चणें म्हणजे फुटक्या पाटानें पाणी नेण्यासारखें आहे.

आतां वीज आणावयाची कोठून? आमचें आयुष्य जमाबंदीचे कागद लिहिण्यांत गेलें, त्यामुळें खर्चाआधीं जमा पाहण्याची खोड आहे. मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींत वीज शिल्लक राहते, शंभर सी. सी.च्या गाडींत फार थोडी. एकट्या पुढील दिव्यास ३५ वॅट लागतात, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींत तो दिवा इंजिन चालू असेपर्यंत मालवतां येत नाहीं. इंधन फवारून देणारी नवी यंत्रणा ज्या गाडींत आहे तिचा खर्च निराळा. म्हणून मोटारसायकलीवरच बंडी चालवावयाची तर आधीं परीक्षा घ्यावी. दिवा व बंडी दोन्ही चालू ठेवून, इंजिन मध्यम वेगानें फिरत असतां, बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावावा. कांटा साडेतेरा व्होल्टांच्या आसपास राहिला तर जमा खर्चास पुरते. पावणेतेराच्याहि खालीं घसरला तर मुद्दलास हात लागला असें समजावें, आणि त्या गाडीवर हा भार टाकूं नये. तसें केल्यास बाजारांत पोंचाल; परतीस गाडी ढकलीत आणावी लागेल.

आमच्या मतें लहान गाडीवाल्यानें गाडीच्या विजेस हातच लावूं नये. पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप आतां बहुतेक घरीं असतो. त्यांतील बॅटरी १२ व्होल्टांची, सामान्यतः ८ किंवा १२ अँपिअर-तासांची असते. तीस वॅटांची बंडी अडीच अँपिअर घेते. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उपसूं नये, हें धरून ८ अँपिअर-तासांची बॅटरी तासभर व १२ची सुमारें दीड तास निर्धास्त पुरते. निफाडहून नाशिकला पोंचण्यास तेवढें पुष्कळ झालें. परतीच्या वेळीं ऊन वर आलेलें असतें. बॅटरी सीटमागच्या पेटींत घट्ट बांधावी, अंगावर कधींहि नाहीं. आणि घरीं येतांच चार्जरला लावावी, नाहीं तर फवारणीच्या वेळीं घरांत भांडण ठरलेलें.

तीस वॅट म्हणजे कांहींच नाहीं, असें कोणी म्हणेल. स्वस्थ बसलेल्या माणसाचें शरीर स्वतः सुमारें शंभर वॅट उष्णता निर्माण करतें. त्यांत एकतृतीयांश भर पडली, आणि तीहि नेमकी धडावर, तर फरक पहिल्या मैलांतच कळतो. फोनच्या पॉवर बँकेवर चालणारीं जीं स्वस्त जाकिटें मिळतात तीं मात्र पांच व्होल्ट व दोन अँपिअर, म्हणजे दहाच वॅट देतात. खोलींत बसणाऱ्यास तीं ठीक आहेत.

बंडीची कृति कठीण नाहीं. टेफ्लॉनचें वेष्टन असलेली, आंत सुमारें पाव मिलिमीटर जाडीचें तांबें असलेली तार १४ मीटर घ्यावी. तिचा विरोध ४.८ ओहमच्या जवळपास भरतो, व १२ व्होल्टांवर तीस वॅट होतात. मोटारसायकलीवर दाब चौदा व्होल्ट असल्यानें तीच बंडी चाळीस वॅट घेते, हें वरच्या परीक्षेच्या वेळीं विसरूं नये. दुकानदार तारेचा जो नंबर सांगेल त्यावर विसंबूं नये, कारण इंग्रजी व अमेरिकन नंबर वेगवेगळे आहेत. सातबाऱ्यावर नोंद पाहिल्याशिवाय जमीन घेऊं नये, तसें मल्टिमीटर लावल्याशिवाय तार शिवूं नये. दोन सुती कापडांच्या मध्यें ती दोन-दोन बोटांच्या अंतरानें नागमोडी टांचावी. छातीवर, पाठीवर व मानेमागें, परंतु कांखेंत वा कमरेच्या घडीवर नको. तार तारेवरून जाऊं देऊं नये. शिंपी सुती कापडाऐवजीं चकचकीत कृत्रिम अस्तर सुचवील. तें घेऊं नये, तापल्यास वितळतें.

एका गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष वेधतों, कारण हुशार माणसें येथेंच फसतात. तार उरली म्हणून किंवा बंडी लहान म्हणून १४ ऐवजीं ७ मीटरच लावली तर उष्णता निम्मी होईल असें वाटतें. प्रत्यक्षांत ती दुप्पट होते, आणि ती निम्म्या तारेंत कोंडल्यामुळें प्रत्येक मीटरवर चौपट पडते. बंडी जाळण्याचा हा हमखास मार्ग आहे. तार लांब करावी, आंखूड करूं नये.

बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत पांच अँपिअरचा फ्यूज बसवावा. तो नसेल तर बंडी अंगांत घालूं नये, येथें तडजोड नाहीं. बंडी व बॅटरी यांच्यामधील जोड कमरेशीं ठेवावा व तो ओढतांच सुटणारा असावा, म्हणजे माणूस पडला तरी गाडीस अडकून राहणार नाहीं. ४५ अंशांस आपोआप बंद होणारी लहान कळ बाजारांत मिळते, ती पाठीवरच्या तारेशीं बसवून घ्यावी. मोरिट्झ व हेन्रिक्स यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ४४ अंशांचा सतत स्पर्शहि सुमारें सहा तासांत कातडी भाजतो असें आढळलें. म्हणून बंडी सदऱ्यावर घालावी, उघड्या अंगावर नव्हे. चहास थांबल्यावर बंद करावी. आणि ज्यांस मधुमेहामुळें स्पर्श नीट कळत नाहीं त्यांनीं ती वैद्यास विचारल्याशिवाय वापरूं नये.

कित्येक वायरमन जुन्या विजेच्या ब्लँकेटांतील तार काढून देतों म्हणतात. त्यांस नम्रपणें नकार द्यावा. ती तार २३० व्होल्टांकरितां केलेली असते. साठ वॅटांच्या ब्लँकेटाची तार १२ व्होल्टांवर वॅटाचा सहावा हिस्साहि उष्णता देत नाहीं. मग ती घरच्या विजेस लावून पाहण्याचा मोह होतो, आणि घामानें भिजलेल्या अंगावर २३० व्होल्ट म्हणजे साक्षात् मृत्यु.

हा विचार कांहीं नवा नाहीं. उघड्या विमानांत बसणाऱ्या वैमानिकांस पहिल्या महायुद्धांतच विजेचे पोशाख देण्यांत आले होते, व दुसऱ्यांत उंचावरून जाणाऱ्या बाँबफेकी विमानांतील लोकांस त्यांवांचून भागत नसे. मोटारसायकलीकडे ही कल्पना पुढें आली ती अमेरिकेंतील गॉर्डन गर्बिंग यांच्यासारख्या लहान यंत्रशाळांतील माणसांच्या हातून, १९७०च्या दशकांत. परदेशी जाकिटें उत्तम असतात, परंतु तीं मोठ्या इंजिनाच्या गाड्यांकरितां केलेलीं आहेत. आमच्या लहान गाड्यांस त्यांची भूक झेपत नाहीं. आम्हीं करविलेल्या बंडीस तार, फ्यूज, कळ, कापड व शिलाई मिळून हजार रुपयांच्या आंत खर्च आला. बॅटरी अर्थात् घरचीच होती.

संघाच्या भांडारांत फवारणी पंपाचे सुटे भाग ठेवलेले असतातच. त्यांच्या शेजारीं या तारेचें एक रीळ, फ्यूज व एक मल्टिमीटर दिवाळीपूर्वीं ठेवावा, व तार देण्याआधीं सभासदासमोर ती मोजून दाखवावी, अशी आमची सूचना आहे. ज्यांच्याकडे बंडी झालेली आहे त्यांनीं ती धुण्यापूर्वीं जोड सोडावा, हातानें धुवावी, पिळूं नये, आणि पूर्ण वाळल्यावर तारेचा विरोध पुन्हां एकदां मोजून मगच अंगांत घालावी.